दोन चुलींची किटली

मी पुंजाजीची किटली बोलतेय. जर्मनची किटली. परदेशातून आलेय असं समजू नका. आमच्या वऱ्हाडात ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात, एवढंच. मी आहे धनज गावची, आणि कारंज्याच्या बाजारापलीकडचं जग मी काही पाहिलेलं नाही.

पण माणसं पाहिली. चहा पिताना माणूस जसा असतो तसा तो एरवी कोणालाच दिसत नाही. शेतावर गरजणारा गडी बशीवर फुंकर घालताना लेकरासारखा ओठ काढतो. दिवसभर "मले वेळ नाई, मले वेळ नाई" करणारा बशीतला शेवटचा घोट संपता संपू देत नाही. आणि घट्ट का पातळ, गोड का कडक यावरून माणसं इतकी अडून बसतात की विचारू नका. एका घरात तर यापायी चुली वेगळ्या झाल्या. ते घर माझंच.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. माझी पहिली आठवण म्हणजे कारंज्याच्या बाजारात मदनसिंग भांडेवाल्याच्या दुकानात मी बांबूला उलटी टांगलेली होते. सत्तर सालचा हिवाळा होता. पुंजाजी आणि त्याची बायको धुरपताबाई दुकानासमोर उभे राहिले. पुंजाजीला मी पाहताक्षणी पसंत पडले, कारण त्याला बाजारातलं काहीही पाहताक्षणीच पसंत पडायचं. धुरपताबाई तशी नव्हती. तिनं मला खाली उतरवली, झाकण काढून आत डोकावली, टिचकी मारली आणि म्हणाली, "भाऊ, पानी आन."

"पानी कायले, बाई?" मदनसिंग म्हणाला.

"किटली घेऊन राह्यली मी. वतून पाह्यल्याबिगर नेऊ काय?"

पाणी आलं. तिनं ओतलं. धार नीट पडली, पण शेवटचा थेंब खाली पडायचा सोडून नळीवरून ओघळत माझ्या पोटाकडे आला. ही माझी जन्माची खोड.

"तोंडाची ढिली हाय," धुरपताबाई म्हणाली.

पुंजाजी हसला. "मंग घे. आपल्या घरात खपून जाईन."

अशी मी धनजला आले.

पुंजाजीचं घर मातीचं, कौलारू, समोर ओसरी, भिंतीवर बुद्धाची तसबीर, मागे गोठ्यात एक गाय. दोन मुलगे. थोरला जानराव शेती करायचा. मिशा अशा की चहा पिताना आधी मिशी ओली व्हायची, मग ओठ. धाकटा ग्यानबा गावच्या सोसायटीत शिपाई होता. भांग पाडल्याशिवाय तो घराबाहेर पाऊल टाकत नसे. थोरल्याची बायको दुर्गाबाई किन्हीराजा गावची. बोलायला कमी, हाताला चपळ.

या घरातला चहा म्हणजे धुरपताबाईचा चहा. पाणी, गुळाचा खडा (आमच्या बोलीत ळचा य होतो, म्हणून गुय), पत्ती, आणि चुलीवर खळखळ, खळखळ. दूध नाही. दूध होतं घरात, पण ते स्टँडवरच्या हॉटेलात जायचं. उरलं तर लेकरांना, नाहीतर तापानं पडलेल्याला. असा तो काळा, गोड, घशाला धरणारा चहा माझ्यात ओतला जायचा. आधी पुंजाजी प्यायचा, मग मुलगे, मग आलागेला. शेवटी तळाला पत्तीसकट जे गार उरायचं ते दुर्गाबाई गाळून प्यायची, तेही उभ्यानं, एका हातात केरसुणी असताना.

बहात्तरच्या दुष्काळात सगळं घर खडी फोडायला जायचं. मीही जायचे, डोक्यावरच्या टोपलीत बसून. माझ्यात नुसतं रंगाचं पाणी असायचं. गूळ असला तर गोड, नसला तर नाही. त्या वर्षी कोणाच्याही तोंडून आवडनिवड मी ऐकली नाही. मिळालं ते प्यायचं आणि हातोडा उचलायचा. पुढच्या वर्षी पाऊस आला, विकलेल्या गाईच्या जागी दुसरी गाय आली, आणि गाईच्या मागोमाग माणसांचे नखरेही परत आले. धुरपताबाईला मात्र ते पाहायला मिळालं नाही. त्याच पावसाळ्यात ती तापानं गेली. तिचा चहा तेवढा दुर्गाबाईच्या हातात राहिला. तोच गूळ, तीच पत्ती, तशीच खळखळ.

आणि मग ग्यानबाचं लग्न झालं. लिलाबाई आली.

लिलाबाई वाशीमची. तिचा बाप देवमन वाशीमच्या रेल्वे स्टेशनात कामाला होता. स्टेशनातल्या चहाच्या वासात वाढलेली पोरगी. आल्याच्या चौथ्या दिवशी तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "बाई, आज मी करते चहा." धाकटी जाऊ थोरलीला बाई म्हणायची.

तिचा चहा मी जन्मात पहिल्यांदा पोटात घेतला आणि मला स्वतःची ओळख पटेना. साखर. ठेचलेलं अद्रक. पत्तीला बेताची उकळी, आणि दूध अगदी शेवटी. रंग कसा, तर नव्या मडक्यासारखा. वास ओसरीवरून रस्त्यावर गेला. पुंजाजीनं बशी तोंडाला लावली आणि डोळे मिटले. जानरावानं मिशी बुडवली. दुर्गाबाई दारात उभी होती.

"कसा हाय?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"हाय," जानराव म्हणाला. "गोड हाय." जणू गोड असणं हा काही गुन्हा होता. पण बशी त्यानं पुन्हा पुढे केली.

गंमत अशी की ग्यानबाला बायकोचा चहा मानवेना. तो लहानपणापासून गुळाच्या काळ्या चहावर पोसलेला. अद्रकानं त्याला ठसका लागायचा. पण नवी नवरी, बोलणार कसं? तो घोट घोट गिळायचा आणि "झ्याक!" म्हणायचा. खरं काय ते मला ठाऊक होतं, कारण तिची पाठ वळली की तो उरलेला चहा झाकण उघडून परत माझ्यात ओतायचा.

साखर तेव्हा रेशनवर मिळायची. लिलाबाईच्या हाताला साखरेचं माप नव्हतं. महिना संपायच्या कितीतरी आधी डबा खडखडायचा. दुर्गाबाई डब्यात वाकून पाहायची आणि काही बोलायची नाही. न बोलणाऱ्या माणसाचं असंच असतं. आत साचत राहतं.

एका उन्हाळ्यात देवमन आपल्या बायकोला घेऊन लेकीकडे आला. साखर संपलेली. लिलाबाई आईच्या गळ्यात पडून बोलण्यात गुंतलेली. दुर्गाबाईनं चहा मांडला. व्याह्यांना कोरा चहा कसा द्यायचा, ते स्टेशनातले लोक, असा तिनं विचार केला असणार. तिनं त्या दिवशीचं हॉटेलचं दूध अडवलं आणि उकळत्या गुळाच्या चहात मोठ्या मनानं ओतलं.

गुळात दूध उकळलं की काय होतं ते तुम्हाला माहीत असेल. तिला माहीत नव्हतं, कारण या घरात चहात दूध पडलंच नव्हतं कधी. दूध फाटलं आणि माझ्या पोटात पांढरी ढेकळं तरंगायला लागली. धुरामुळे तिला दिसलं नाही, का दिसूनही आता करणार काय असं झालं, ते मला अजून उमजलेलं नाही. चहा बशांत पडला.

देवमन भला माणूस. तो एक घोट घेऊन थांबला आणि म्हणाला, "चांगला हाय. अंगाले लागन असा हाय."

लिलाबाईनं बशीत पाहिलं आणि तिच्या तोंडून निसटलं, "बाबा, जरा चाऊन चाऊन पेजा!"

ती वाईट नव्हती. जीभ तिची माझ्या नळीसारखी, शेवटचा थेंब राखता यायचा नाही. पण सगळे हसले. ग्यानबा हसला, पाहुणे हसले, आणि जानरावही मिशीत हसला. दुर्गाबाईनं इतर कोणाकडे पाहिलं नाही. तिनं फक्त नवऱ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले आणि दुर्गाबाई ओसरीवर येऊन पुंजाजीपुढे उभी राहिली. "मामाजी, आजपासून माह्यी चूल येगळी."

"काय झालं वं दुर्गा?"

"कायी नाई झालं. येगळी म्हंजे येगळी."

पुंजाजीनं समजावलं. जानरावानं आवाज चढवला. ग्यानबानं तिचे पाय धरले, कारण आई गेल्यावर तिनंच त्याला खाऊ घातलं होतं. काही उपयोग झाला नाही. लिलाबाईलाही मग राग आला. "एका हासन्यावर घर फोडून राह्यल्या. फोडा!" घराच्या मधोमध तुराट्यांचा कुड उभा राहिला. तुरीच्या वाळक्या काड्या बांधायच्या आणि वरून शेणामातीनं लिंपायचं. अशी भिंत डोळ्यांना अडवते, कानांना मुळीच नाही.

भांड्यांची वाटणी झाली. गंज, म्हणजे उभं पातेलं, एकीकडे, परात दुसरीकडे. शेवटी मी उरले. जानरावानं माझा कान धरला, ग्यानबानं नळी. दोघंही ओढायला लागले. पुंजाजी खाटेवरून उठला, मला दोघांच्या हातून हिसकली आणि मांडीवर घेऊन बसला.

"हे तुमच्या मायनं पाहून घेतली हाय. हे कोनाचीच नाई. जठी मी, तठी किटली."

म्हातारा एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे असं ठरलं. त्याच्याबरोबर मीही पाळीनं फिरायला लागले. महिनाभर गुळाचं काळं पाणी, महिनाभर साखर-अद्रक. भांड्यांमध्ये दोन्ही चुलींचा धूर लागलेली त्या घरात मी एकटीच.

आता खरी मजा सुरू झाली.

आमचा महिना लिलाबाईकडे असला की दिवेलागणीला जानराव कुडाच्या कडेनं, खोकत खोकत, इकडे यायचा. "बाबा, गुडघा कसा हाय? तेल लावून देऊ काय?" पुंजाजीचा गुडघा ठणठणीत होता. तरी तो पाय लांब करायचा. जानराव तेल लावायचा, पण नजर माझ्यावर. "एवढा उरला हाय," पुंजाजी म्हणायचा, "सांडून जाण्यापरीस तूच पे." जानराव ती बशी अशी धरायचा जशी कोणी काढून घेणार आहे.

महिना बदलला, आम्ही दुर्गाबाईकडे गेलो, की ग्यानबा पेपर घेऊन हजर. "बाबा, बातम्या वाचून दाखवतो." चार ओळी वाचायचा आणि विचारायचा, "वैनी, चहा झाला असन नाई?" दुर्गाबाई काही न बोलता त्याला काळा चहा द्यायची. हा तिच्या हातचा लाडका दीर. तो आला म्हणून तिला बरंच वाटायचं. पण आपल्याच बायकोचा चहा सोडून येतो, हे तिच्या ध्यानात आलं नसेल असं नाही.

पुंजाजी सगळं पाहायचा आणि मिटल्या तोंडानं हसायचा. त्याला स्वतःला कोणता आवडत होता म्हणाल, तर जो समोर असेल तो. अशा माणसाला जगात कुठेच त्रास होत नाही.

एका संध्याकाळी हे फुटलं. आमचा महिना लिलाबाईकडे होता. जानराव गुडघ्याला तेल लावून बशी घेऊन बसलेला. आता जानरावाची चहा ओढायची एक तऱ्हा होती. आधी लांबलचक "फुर्रर्र", मग "हाऽ". सगळ्या धनजमध्ये असा आवाज दुसऱ्या कोणाचा नव्हता. कुडाच्या पलीकडे भाकरी थापणारे हात थांबले. मला कुडातल्या फटीत एक डोळा दिसला. थोडा वेळ तो तिथंच होता. मग गेला. थाप पुन्हा सुरू झाली, पण जरा जोरात.

मला वाटलं, आता भांडण. काहीच झालं नाही. ती वाट पाहत होती.

पाळी बदलली. ग्यानबा पेपर घेऊन आला, चहा मागितला. दुर्गाबाईनं बशी भरून त्याच्या हातात दिली, कुडापाशी गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "लिला! वं लिला! तुहा नवरा अठी बसला हाय. गुयाचा चहा पेऊन राह्यला."

ग्यानबानं पेपर तोंडापुढे धरला. वेगळ्या झाल्यापासून या दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. कुडापलीकडून आवाज आला.

"अन् तुमचे मालक मांगच्या महिन्यात अठी रोज बसत होते. अद्रकाचा पेत."

"ठाऊक हाय. म्या पाह्यलं."

"पाह्यलं? मंग बोलल्या काहून नाई?"

"तू काहून नाई बोलली?"

मग लिलाबाईला हसू फुटलं. तोंडात पदर कोंबल्यावर जसं गुदमरतं तसं. आणि इकडे दुर्गाबाईच्या घशातून एक आवाज निघाला. मी तो पूर्वी ऐकलेला नव्हता, म्हणून मला वाटलं तिला उचकी लागली.

"लिला," ती म्हणाली, "उद्या मी चहा मांडत नाई."

"मंग मीबी नाई मांडत, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही चुली थंड. दोन्ही भाऊ ओसरीवर, मध्ये पुंजाजी, त्याच्या मांडीवर मी, रिकामी. दोघी जावा आपापल्या उंबऱ्यावर बसून मेथी निवडत होत्या. मग पुंजाजी म्हणाला, "दोघं धट्टेकट्टे हाये ना? करा ना तुमीच."

जानराव उठला. ग्यानबा उठला. चूल पेटवताना इतका धूर झाला की गाय हंबरली. गंज चुलीवर चढला, पाणी तापलं, आणि तिथंच भांडण लागलं.

"साखर टाक," जानराव म्हणाला.

"साखर कायले? गुय टाक ना."

"मले दूध पाह्यजे."

"मले नाई पाह्यजे."

शेवटी ग्यानबा म्हणाला, "दादा, भांडू नको. दोनीबी टाकू. गुयबी टाकू, दूधबी टाकू."

उंबऱ्यावर लिलाबाईनं जीभ चावली. दुर्गाबाई मान खाली घालून मेथी निवडत राहिली. चहा माझ्यात ओतला गेला आणि माझ्या पोटात ती ओळखीची ढेकळं पुन्हा तरंगायला लागली. पुंजाजीनं बशी घेतली, वाकून पाहिलं.

"कोनाचा हाय हा?"

"आमचा," दोघं म्हणाले.

"मंग तुमीच चावा." त्यानं बशी जानरावापुढे सरकवली.

ग्यानबा हसायला लागला. जानराव हसला नाही. तो बशीकडे पाहत राहिला. फाटलेल्या चहाचे पांढरे तुकडे काठाला लागले होते. "त्या दिवशी दुर्गाचाबी असाच झाला होता," तो हळूच म्हणाला. "अन् म्या हासलो." तो हे कोणाला सांगत नव्हता, पण उंबऱ्यावर दुर्गाबाईच्या हातातली मेथी थांबली.

दुपारी पुरुष कामाला गेले. लिलाबाईनं कुडाच्या काही तुराट्या उपसल्या, सरळ, न विचारता. मी मावेन एवढं भोक झालं. तिनं पलीकडून हात घातला, मला उचलली, माझ्यात ताजा चहा भरून परत दिली आणि भोकाशी तोंड आणून म्हणाली, "बाई, मी त्या दिवशी बोलली ते चुकलं माह्यं. आता एक सांगा. तुमाले कसा आवडते चहा?"

दुर्गाबाई गोंधळली. "मले? मले कसाबी चालते."

"चालते नाई इचारलं. आवडते कसा?"

घरातल्या प्रत्येकाला काय हवं ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. हे मात्र आठवेना. आठवणार काय? माझ्या तळाच्या गार चहाला कोणी आवडनिवड विचारत नाही.

"ठाऊक नाई," ती शेवटी म्हणाली.

"मंग पाहू," लिलाबाई म्हणाली, जणू हरवलेली बांगडी शोधायची आहे.

मग रोज दुपारी मी त्या भोकातून इकडून तिकडे जायला लागले. एक दिवस अद्रकाचा. दुर्गाबाईला शिंका आल्या. एक दिवस गवती चहा टाकून. "ढोराच्या तोंडातला घास काढल्यावानी लागते." देवमननं वाशीमहून कॉफीची पुडी पाठवली होती. ती उकळली. दुर्गाबाईनं वास घेतला आणि म्हणाली, "लिला, काय जयलं वं?" कमी गोड, जास्त गोड, कडक, पांढरा, सगळं झालं. दोघी मधे कुड घेऊन बसायच्या. एकीची बशी इकडे, एकीची तिकडे, आणि मधल्या भोकात मी.

एक दिवस दुर्गाबाईनं बशी खाली ठेवली. "एक सांगू? हासू नको."

"नाई हासत."

"मले चहाच आवडत नाई."

लिलाबाई इतकी हसली की कुड हलायला लागला. "अवं बाई! इतके वर्स पेत होत्या ना?"

"सासूबाईनं शिकवला म्हून करत गेली. उरला म्हून पेत गेली. आवडते का नाई, कोनी इचारलंच नाई. म्याबी नाई इचारलं सोताले."

"मंग काय आवडते?"

या वेळी उत्तर यायला उशीर लागला, पण आलं ते सगळं एकदम आलं. "दूध. किन्हीराजाले माह्यी आजी मातीच्या गाडग्यात दूध ठेवे, गवऱ्यांच्या इस्तवावर. हयू हयू दिवसभर तापे. लाल होये. वरतून अशी जाड साय. ते मले पेलाभर दे. अठी आल्यावर कधी पेली नाई."

"अन् तुले?" तिनं मग विचारलं. "तुले कसा आवडते?"

"मले माह्याच हातचा आवडते," लिलाबाई म्हणाली. "मी कायले खोटं बोलू?"

त्या संध्याकाळी जानराव जेवायला बसला. दुर्गाबाईनं भाकरी वाढली आणि उभ्यानंच म्हणाली, "उद्यापासून मले पेलाभर दूध लागन. गरम."

जानरावाचा घास हातातच राहिला. "दूध? आजारी हायेस काय?"

"नाई."

"मंग कायले?"

"आवडते म्हून."

या घरात दूध कोणी आवडतं म्हणून मागितलेलं नव्हतं. दूध मिळवायला ताप तरी यावा लागे, नाहीतर लहान तरी असावं लागे. खाटेवर पुंजाजी उठून बसला. दुर्गाबाई तिथंच उभी. मला वाटलं आता ती "राहू द्या" म्हणते. पण म्हणाली नाही.

जानराव ताटावरून उठला. बाहेर हॉटेलात न्यायची दुधाची चरवी भरून ठेवलेली होती. ती घेऊन आत आला आणि चुलीशी ठेवली.

"किती लागन ते मले ठाऊक नाई," तो म्हणाला. "तूच काढून घे."

तिनं दूध तापवलं. पेला भरला, जमिनीवर बसली आणि तोंडाला लावला. पहिल्याच घोटाला तिची जीभ पोळली. इतक्या वर्षांत या घरात तिनं तळाचा गार चहाच प्यायला होता, आणि दुपारचाही बशीत निवलेला, फुंकर घालायची सवय कुठून असणार? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जानराव म्हणाला, "हयू पे ना, कोनी पयवत नाई." तिनं फुंकर घातली.

तुम्हाला वाटेल, मग कुड पाडला. नाही पाडला. दुर्गाबाई म्हणाली, "येगळं बरं हाय. मीठ-मिरचीवरून तोंड नाई वाजत." लिलाबाईलाही ते पटलं. भोक मात्र कोणी बुजवलं नाही. चारी बाजूंनी लिंपून त्याची छानशी खिडकी केली. जानरावाला अद्रकाचा हवा असला की तो आता खोकत येत नाही, खिडकीशी बशी धरून "लिलाबाईले सांग वं" असं बायकोला म्हणतो. ग्यानबानं एकदाचं खरं सांगून टाकलं, आणि लिलाबाई त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही. गुडघ्याला तेल लावायला कोणी येत नाही, ही पुंजाजीची तक्रार तेवढी राहिली.

हे सगळं झाल्याला आता काही वर्षं झाली. अठ्ठ्याहत्तर साल चालू आहे. देवमननं लेकीला थर्मास आणून दिलाय, लाल फुलांचा. पुंजाजी म्हणतो त्यात चहा गुदमरतो, पण पितो. माझा कान तुटला, तिथं तार बांधलीय. बुडाला पोचा आहे. चुलीशी आता मला कोणी ठेवत नाही. मी गोठ्यात खुंटीवर असते.

काम मात्र सुटलेलं नाही. गाईला यंदा गोऱ्हा झालाय. पोट फुगलं की त्याला ओवा-सुंठीचा काढा कोमट करून पाजायचा असतो, आणि त्याच्या तोंडात जाईल अशी नळी घरात माझीच आहे. काल जानरावानं त्याचा जबडा धरला, दुर्गाबाईनं मला वाकडी केली. गोऱ्ह्यानं सगळा काढा फुर्रकन तिच्या लुगड्यावर उडवला.

"दाबून वत वं घशात," जानराव म्हणाला. "जनावराले काय कयते!"

"थांबा जरा." तिनं मला बाजूला धरलं आणि गोऱ्ह्याच्या ओल्या नाकापाशी तोंड नेलं. "काय रे? कडू लागते? गुय टाकू थोडा?"

गोऱ्ह्यानं कान हलवला. ती गूळ आणायला आत गेली. जानराव त्याचा जबडा धरून मुकाट्यानं उभा राहिला.

भंगारवाला सायकल घेऊन गावात येतो तेव्हा गोठ्याकडे एक नजर टाकून जातो. आज ना उद्या त्याचा आणि माझा योग आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. वितळून पुन्हा काहीतरी होईन. जाण्याआधी एवढंच सांगते. आज चहाची बशी तुमच्या हातात येईल, तेव्हा देणारीला विचारा, तिला स्वतःला कसा आवडतो ते. ती म्हणेल, कसाबी चालते. तेवढं ऐकून उठू नका. बसा थोडं. उत्तराला वेळ लागतो.